अँग्लो-सॅक्सन : नाव कुणाचे, ठेवले कुणी?

‘अँग्लो-सॅक्सन’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानावरून बऱ्याचदा गेलेला असतो. कायद्याच्या पुस्तकात ‘अँग्लो-सॅक्सन न्यायपद्धती’ येते, अग्रलेखात ‘अँग्लो-सॅक्सन राष्ट्रे’ येतात, फ्रान्समधला एखादा पुढारी अमेरिका-ब्रिटनच्या अर्थव्यवहाराला नावे ठेवताना हाच शब्द वापरतो. अमेरिकेतील उच्चभ्रू गोऱ्या प्रोटेस्टंटांसाठी ‘वॉस्प’ हे लघुरूप रूढ झाले, त्यातली मधली दोन अक्षरेही याच नावाची आहेत. शब्द इतका वावरतो म्हणजे त्याचा अर्थ पक्का असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ज्या लोकांना आपण हे नाव देतो ते स्वतःला सहसा या नावाने ओळखत नव्हते. आणि ज्यांनी पुढे या नावाची मिरवणूक काढली त्यांचा त्या जुन्या लोकांशी संबंध बेताचाच होता. नाव एकाचे आणि मान भलत्याचाच, असा हा मामला आहे.

रोमन साम्राज्याने इ. स. ४१०च्या सुमारास ब्रिटनवरचा हात काढून घेतला. त्यानंतर उत्तर समुद्रापलीकडून, म्हणजे आजच्या उत्तर जर्मनी, डेन्मार्क आणि हॉलंडच्या किनाऱ्यावरून, लोक येऊन या बेटावर वसत गेले. त्यांची हकीकत आपल्याला मुख्यतः बीड नावाच्या धर्मपंडिताकडून कळते. (आपल्या मराठवाड्यातल्या बीडचा याच्याशी काही संबंध नाही.) उत्तर इंग्लंडमधील जॅरोच्या मठात राहणाऱ्या या गृहस्थाने ७३१ साली लॅटिनमध्ये इंग्लंडच्या चर्चचा इतिहास पुरा केला. आलेल्यांची त्याने तीन कुळे सांगितली : अँगल, सॅक्सन आणि ज्यूट. अँगल हे आजच्या जर्मनीतील आंगेल्न या भागातले. त्यांच्यावरून ‘इंग्लंड’ झाले. सॅक्सनांची नावे एसेक्स, ससेक्स, वेसेक्स अशा प्रांतांना चिकटली. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला ‘इंग्रज’ आणि उर्दूतला ‘अंग्रेज़’ या दोहोंतही त्या आंगेल्नचाच अंश आहे. बीडने हे लिहिले तेव्हा मूळ घटनेला पावणेतीनशे वर्षे उलटली होती. तेव्हा तीन कुळांची ही स्वच्छ वाटणी जशीच्या तशी घेता येत नाही. फ्रिसियन, फ्रँक असे इतर लोकही त्यात मिसळलेले होते.

मग ‘अँग्लो-सॅक्सन’ हे जोडनाव आले कुठून? आठव्या शतकाच्या अखेरीस इटलीत राहणाऱ्या पॉल द डीकन या इतिहासकाराने ते वापरले. त्याची अडचण साधी होती. सॅक्सन लोक जर्मनीतही होते आणि ब्रिटनमध्येही. कोणते सॅक्सन, हे कळावे म्हणून ब्रिटनमधल्यांना त्याने ‘अँग्ली-सॅक्सन’ म्हटले. पुण्याचे शेख आणि कोकणातले शेख यांत फरक करायला आपण गावाचे नाव लावतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या दरबारात हे नाव पदवी म्हणून आले, कारण अँगल आणि सॅक्सन अशा दोन्ही मुलखांवर आपला अंमल आहे, हे त्याला दाखवायचे होते. त्याचा नातू अथेलस्टॅन याने ९२७ साली सारे इंग्लंड एका छत्राखाली आणले, तेव्हा तो ‘इंग्रजांचा राजा’ झाला आणि जोडनाव मागे पडले. सामान्य माणूस आपल्या भाषेला ‘इंग्लिश’ म्हणत होता आणि स्वतःलाही.

आता त्यांनी दुसऱ्यांना काय नाव दिले, तेही पाहायला हवे. ब्रिटन बेटावर आधीपासून राहणारे ब्रिटन लोक होते. आलेल्यांनी त्यांना ‘वेआल्ह’ म्हटले. या शब्दाचा अर्थ परका. पुढे त्याच शब्दाला गुलाम असाही अर्थ आला. आजचे ‘वेल्श’ आणि ‘वेल्स’ हे शब्द त्यातूनच आले. अक्रोडाला इंग्रजीत ‘वॉलनट’ म्हणतात, त्यातला ‘वॉल’ही हाच, परमुलखातले फळ म्हणून. म्हणजे समुद्र ओलांडून आलेल्यांनी घरात बसलेल्याला परका ठरवले, आणि चौदाशे वर्षांनंतरही नकाशावर त्याच्या देशाचे नाव ‘परक्यांचा मुलूख’ असेच छापले जाते. वेल्श लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे एका भूमीतले सोबती. इंग्रजांना मात्र ते आजही ‘सॅक्सन’ याच अर्थाच्या शब्दाने हाक मारतात.

नावातला हा भेद कायद्यातही उतरला. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सच्या इने राजाने केलेल्या कायद्यात माणूस मारला गेला तर त्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई ठरवून दिली आहे. आपल्या फिकहमधल्या ‘दियत’सारखीच ही कल्पना. साध्या स्वतंत्र इंग्रज शेतकऱ्याच्या जिवाची किंमत २०० शिलिंग. एक ‘हाइड’, म्हणजे एका कुटुंबाचे पोट भरेल इतकी जमीन बाळगणाऱ्या वेल्श माणसाची १२०. जमीन नसेल तर ६०. आम्ही मुलांना इतिहास शिकवताना सनावळी आणि लढाया शिकवतो. खरे तर हे तीन आकडे फळ्यावर लिहिले तरी एक तास सहज भरेल.

परक्याने ठेवलेल्या नावाचा अनुभव मुसलमानांनाही त्याच काळात येत होता. बीडच्या त्याच ग्रंथात ‘सॅरासेन’ लोकांचा उल्लेख येतो. फ्रान्सच्या भूमीवर त्यांनी आणलेल्या संकटाविषयी तो लिहितो. कोणताही अरब किंवा बर्बर स्वतःला सॅरासेन म्हणत नव्हता. जॅरोच्या मठात बसलेल्या बीडने एकही मुसलमान पाहिला असण्याचा संभव नाही. तरी नाव, वंश आणि स्वभाव यांचा तपशील त्याच्याजवळ तयार होता. आणि आपणही काही मागे नव्हतो. अरबांनी युरोपातल्या साऱ्यांना सरसकट ‘फ्रँक’ म्हटले. त्यातून ‘फिरंगी’ झाले. मराठी कागदपत्रांत ‘टोपीकर’ आले. माणूस ओळखण्याआधी त्याची टोपी दिसली, एवढाच त्याचा अर्थ.

पण नावे काहीही असोत, नाण्याला नावाचे वावडे नसते. मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्यावर ७५७ ते ७९६ या काळात ओफा नावाचा राजा होता. वेल्श लोकांना पलीकडे ठेवण्यासाठी ज्याच्या नावाचा लांबच लांब मातीचा बंधारा आजही दाखवतात, तोच हा. त्याचे एक सोन्याचे नाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हे नाणे म्हणजे अब्बासी खलीफा अल-मन्सूर याच्या दिनारची नक्कल. त्यावर अरबी लिपीत कलमा आहे आणि हिजरी १५७ (इ. स. ७७३-७७४) हे सालही आहे. मधोमध लॅटिन अक्षरांत ‘ओफा राजा’ असे कोरले आहे. गंमत अशी की अरबी मजकूर सरळ धरला तर राजाचे नाव उलटे दिसते आणि राजाचे नाव सरळ केले तर कलमा उलटा होतो. अरबी अक्षरांतही चुका आहेत. कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती. नक्षी समजून त्याने ती उतरवून घेतली, हे उघड आहे.

या नाण्यावरून ओफा गुपचूप मुसलमान झाला होता, असे ठरवून टाकणारी उत्साही मंडळी आपल्यात आहेत. आम्हाला हा उत्साह पटत नाही. ईमान आणलेला राजा कलमा उलटा छापणार नाही. नाण्याचा खरा अर्थ यापेक्षा मोठा आहे. त्या काळात बगदादच्या दिनारची पत अशी होती की युरोपच्या टोकावरच्या ख्रिस्ती राजालाही आपले सोने खपवायला त्याचे रूप घ्यावे लागले. ओफाने दरसाल रोमला पाठवायचे ठरवलेले सोने ‘मँकस’ या मापात सांगितले आहे. हा शब्द अरबी ‘मन्कूश’ म्हणजे कोरलेले यावरून आला, असे काही अभ्यासक मानतात. दुसरे काही त्याला लॅटिन मूळ देतात. पहिले मत खरे असेल तर आपल्या ‘नक्षी’चे आणि शाळेतल्या भिंतीवरच्या ‘नकाशा’चे ते नात्यातलेच झाले.

शंभर वर्षांनी आल्फ्रेडचा काळ आला. उत्तरेकडच्या डेन लोकांच्या हल्ल्यांत मठ आणि ग्रंथसंग्रह जळाले होते. हंबर नदीच्या दक्षिणेला लॅटिन समजणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, याची खंत त्याने स्वतः नोंदवून ठेवली आहे. त्यावर त्याने काढलेला उपाय आमच्यासारख्या मातृभाषेतून शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. महत्त्वाचे ग्रंथ लोकांच्या बोलीत आणायचे आणि ऐपत असलेल्या स्वतंत्र घरातील मुलांना आधी इंग्रजी वाचायला शिकवायचे. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी मग लॅटिन शिकावे. त्याच्या समर्थनासाठी त्याने दिलेला दाखलाही पाहण्यासारखा आहे. ईश्वरी कायदा आधी हिब्रूत होता, ग्रीकांनी तो आपल्या भाषेत नेला, मग रोमनांनी नेला, तर आपण का नेऊ नये? याच शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये खलीफा मामूनच्या आश्रयाने ग्रीक ग्रंथ अरबीत येत होते. आल्फ्रेडचे काम त्या मानाने लहान आणि गरिबीतले. पण दुसऱ्याची विद्या घेतल्याने आपली भाषा बाटत नाही, हे दोघांनाही उमगले होते.

आल्फ्रेडच्या काळात सुरू झालेल्या बखरीत ८८३ सालची एक नोंद आहे. सिगेहेल्म आणि अथेलस्टॅन या दोन माणसांनी राजाचा दानधर्म रोमला नेला, आणि भारतात संत थॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्याकडेही नेला, असे ती सांगते. काही पंडितांच्या मते तिथे मुळात ‘इंडिया’ नसून ‘ज्युडिया’ असावे. ती माणसे इथवर पोहोचली की नाही ते असो. वेसेक्सच्या दरबारात आपल्या देशाचे नाव आदराने घेतले जात होते, एवढे तरी त्यातून दिसते.

१०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम फ्रेंच बोलणारे सैन्य घेऊन उतरला आणि हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रजांचा राजा पडला. दरबार, न्यायालय आणि जहागिरी फ्रेंचांच्या हाती गेल्या. इंग्रजीत गाय गोठ्यात असते तेव्हा ‘काउ’, ताटात आली की ‘बीफ’. मेंढी ‘शीप’, तिचे मांस ‘मटण’. जनावरे राखणाऱ्यांची नावे इंग्रजी, खाणाऱ्यांची फ्रेंच! हा फरक वॉल्टर स्कॉटने १८१९च्या आपल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडी घालून घरोघरी पोहोचवला. न्यायालयात इंग्रजी बोलावी असा कायदा १३६२ साली झाला, तोही फ्रेंचमध्ये लिहिलेला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. वकील, फिर्याद, जामीन, अर्ज या शब्दांशिवाय आपली कचेरी एक दिवस चालणार नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्येही भाषाशुद्धीवाले निघाले. डॉर्सेटचा कवी विल्यम बार्न्स याला ‘ग्रामर’ नको होते, त्याने ‘स्पीचक्राफ्ट’ सुचवले. ‘फोकलोअर’ हा शब्दही १८४६ साली अस्सल सॅक्सन म्हणून घडवलेला. तो टिकला, बाकीचे बहुतेक वाहून गेले. आपल्याकडे ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ आणला गेला. अर्जावर तो बसला खरा, पण कोर्टात माणूस अजून तारखेलाच जातो.

तरीही जुन्या इंग्रजीचे रोजचे शब्द मेले नाहीत. आठवड्याचे वार पाहा. ज्या दिवशी आपण जुम्याच्या नमाजला जातो, त्या ‘फ्रायडे’त फ्रिग ही त्यांची जुनी देवी बसली आहे, आणि ‘वेन्सडे’त वोडन हा देव. शतकानुशतके ख्रिस्ती राहूनही त्यांनी ही नावे बदलली नाहीत. मुंबईला इंग्रजांनी आणलेले ‘शेरीफ’ हे मानाचे पद अनेकांना आपल्या ‘शरीफ’चे भावंड वाटते. तसे काही नाही. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी, या दोन जुन्या इंग्रजी शब्दांची ती जोडी आहे. आणि ‘लॉर्ड’ म्हणजे मुळात भाकरीचा राखणदार, ‘लेडी’ म्हणजे कणीक मळणारी. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्याला झुकून सलाम केला त्या ‘लाटसाहेबा’चे नाव स्वयंपाकघरातून निघालेले आहे.

आता या नावाचे पुढे काय झाले ते पाहू. सोळाव्या शतकात आर्चबिशप मॅथ्यू पार्कर याने जुनी हस्तलिखिते गोळा केली ती इंग्लंडचे चर्च रोमपासून मुळातच वेगळे होते, हे सिद्ध करण्यासाठी. सतराव्या शतकात राजाविरुद्ध उठलेल्यांनी सांगितले की आमचे सॅक्सन पूर्वज स्वतंत्र होते, जोखड नॉर्मनांनी घातले. १७७६ साली अमेरिकेत थॉमस जेफरसनने नव्या राष्ट्राच्या मुद्रेवर एका बाजूला हेंगिस्ट आणि होर्सा या सॅक्सन सरदारांची चित्रे असावीत, असे सुचवले. सॅक्सनांच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या या गृहस्थाच्या मळ्यावर गुलाम राबत होते. ज्याला जे हवे ते प्रत्येकाने या नावात ओतले.

बी. एड. केलेल्या प्रत्येकाला मेकॉलेचे २ फेब्रुवारी १८३५चे टिपण पाठ असते. अरबी आणि संस्कृतला सरकारी पैसा देऊ नये, इंग्रजी शिकवावी, हे त्यातले सार. पण त्यातला एक मुद्दा वर्गात सहसा कुणी सांगत नाही. मेकॉले विचारतो की, इंग्लंडने आपल्या विद्यापीठांत अँग्लो-सॅक्सन बखरी आणि नॉर्मन-फ्रेंच कथाच शिकवत ठेवल्या असत्या, तर ते आजच्या पायरीला पोहोचले असते काय? म्हणजे १८३५ साली मेकॉलेच्या लेखी अँग्लो-सॅक्सन हे मागासपणाचे उदाहरण होते, आणि आपली अरबी-संस्कृत त्याच रांगेत उभी होती. (संस्कृत वाङ्मय सॅक्सन-नॉर्मन पूर्वजांच्या वाङ्मयाइतके तरी मोलाचे आहे का, याचीही त्याला शंका होती.) पुढच्या पन्नास वर्षांत पारडे फिरले. ज्या पूर्वजांना मेकॉलेने अडगळीत टाकले, त्यांच्याच रक्तामुळे आपण जगावर राज्य करतो, असे त्याचे देशबांधव सांगू लागले. १८५० साली रॉबर्ट नॉक्स याने वंशांवर पुस्तक लिहून सॅक्सन वंशाचे गुण सांगितले. १८८५ साली अमेरिकेत जोसाया स्ट्राँग या पाद्र्याने अँग्लो-सॅक्सन वंश पृथ्वी व्यापणार, असे भाकीत केले. १९०१ साली विंचेस्टरला आल्फ्रेडचा भव्य पुतळा उभारून त्याच्या मृत्यूची सहस्राब्दी साजरी झाली. आल्फ्रेड वारला होता ८९९ साली.

यातला विनोद १९१७ साली घडला. ज्याच्या पुतळ्यावरून मुंबईच्या काळा घोडा भागाला नाव पडले, त्या सातव्या एडवर्डचे घराणे ‘सॅक्स-कोबर्ग-गोथा’. यातला ‘सॅक्स’ म्हणजे सॅक्सनीच. महायुद्धात जर्मनी शत्रू झाला, तेव्हा त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज याने हे नाव टाकून ‘विंडसर’ घेतले. सॅक्सन रक्ताचा अभिमान सांगणाऱ्या देशाच्या राजाला सॅक्सन आडनाव अडचणीचे झाले!

अमेरिकेत मात्र हसण्यासारखे काही नव्हते. १९२२ साली व्हर्जिनियात ‘अँग्लो-सॅक्सन क्लब’ निघाले. त्यांचा पुढारी जॉन पॉवेल हा पियानोवादक होता आणि त्याची गाजलेली रचना कृष्णवर्णीयांच्या संगीतावर बेतलेली होती. याच मंडळींच्या खटपटीने १९२४ साली गोऱ्यांनी इतर वंशीयांशी लग्न करणे हा गुन्हा ठरवणारा कडक कायदा आला. तो रद्द व्हायला १९६७ साल उजाडले. त्याच सुमारास, १९२३ साली, अमेरिकन सैन्यात चाकरी केलेल्या भगतसिंग थिंड या पंजाबी शीख गृहस्थाच्या नागरिकत्वाच्या दाव्याचा निकाल लागला. विल्यम जोन्सने कोलकात्यात १७८६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे एक मूळ असावे असे म्हटले, तेव्हापासून भाषाशास्त्राने उत्तर हिंदुस्थानी आणि युरोपीय यांना आर्य भाऊबंद ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भाषाशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात तुम्ही बसत नाही. आर्य म्हणवून घेण्यात धन्यता मानणाऱ्या आपल्या देशबांधवांनी हा निकाल एकदा वाचावा.

हे सारे जुने झाले, असेही नाही. २०२१ साली अमेरिकेतील काही लोकप्रतिनिधींच्या नियोजित गटाच्या मसुद्यात ‘अँग्लो-सॅक्सन राजकीय परंपरां’चा आदर करण्याची भाषा होती, ओरड झाल्यावर तो बेत मागे पडला. त्याआधी २०१९ साली या काळाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या नावातून हा शब्द काढून ‘आद्य मध्ययुगीन इंग्लंड’ असा उल्लेख घातला. १९७२पासून निघणाऱ्या केंब्रिजच्या वार्षिकाचेही नाव पुढे बदलले. ब्रिटनमधील बऱ्याच पुरातत्त्वज्ञांना हे आवडले नाही. आमच्याकडे हा शब्द फक्त एका कालखंडाचा आहे, अमेरिकेतल्या भांडणासाठी तो का सोडावा, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण ज्या शब्दाने माणसांची लग्ने मोडली, तो निरुपद्रवी आहे हे शपथेवर सांगणे कठीणच.

दरम्यान हाडांनी आपली साक्ष दिली आहे. २०२२ साली ‘नेचर’मध्ये ४६० मध्ययुगीन सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला, त्यातले २७८ इंग्लंडमधले. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधील त्या काळच्या लोकांच्या वंशात सरासरी सुमारे ७६ टक्के वाटा समुद्रापलीकडून आलेल्यांचा निघाला. म्हणजे लोक आले होते आणि मोठ्या संख्येने आले होते, हे खरे. पण एकाच दफनभूमीत आलेले, मूळचे आणि दोघांची संतती शेजारी-शेजारी आढळली. आजच्या इंग्रजांत तो वाटा २५ ते ४७ टक्के इतकाच भरतो. केंटमधील अपडाउन येथे सातव्या शतकातील एका मुलीची कबर सापडली. वय अकरा ते तेराच्या दरम्यान. तिच्या आजा-पणजाच्या पिढीतले कुणीतरी पश्चिम आफ्रिकेतले होते, असे तिच्या डीएनएवरून २०२५ साली जाहीर झाले. तिचे नातलग त्याच दफनभूमीत आहेत. तिच्यासोबत इतरांप्रमाणेच एक सुरी, हाडाचा कंगवा आणि एक भांडे ठेवलेले होते.